चेंडू बाहेर कुणामुळे गेला? बास्केटबॉलच्या एका नियमाचा इतिहास

बास्केटबॉलच्या कुठल्याही सामन्यात ही शिट्टी वाजतेच. चेंडू रेषेबाहेर जातो, रेफरी एका बाजूला हात दाखवतो, त्या संघाचा खेळाडू रेषेबाहेर उभा राहून चेंडू आत टाकतो आणि खेळ पुढे सुरू. नियम तर शाळकरी पोरालाही एका वाक्यात सांगता येईल असा आहे: चेंडू ज्याला शेवटचा लागला, त्याच्या विरुद्ध संघाला तो मिळणार. इतका सरळ की याला काही इतिहास असेल असं वाटतच नाही.

पण आहे. या खेळाची सुरुवात झाली तेव्हा नियम जवळजवळ उलटा होता. बाहेर जाण्यापूर्वी चेंडूला शेवटचा हात कुणाचा लागला हे कुणी विचारतच नव्हतं. बाहेर गेल्यावर त्याला पहिला हात कुणी लावला, एवढंच बघायचं. 'आधी कोण?' पासून 'शेवटी कोण?' पर्यंत हा नियम कसा आला, ते या लेखात बघू.

निमित्त बास्केटबॉलचं आहे, पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. नियम, कायदे, परिपत्रकं, संस्थांच्या घटना असले कागद आपल्याला दप्तरखान्यांत ढिगाने मिळतात. ते सगळे 'काय व्हावं' हे सांगतात. 'काय होत होतं' हे त्यांतून काढायचं कसं?

तेरा नियमांतला नववा

1891 चा डिसेंबर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती. कडाक्याच्या हिवाळ्यात मुलांना बंद जिमखान्यात खेळता येईल असा काहीतरी खेळ शोध, असं विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाला सांगितलं. नेस्मिथ मूळचे कॅनडातले. त्यांनी तेरा नियम तयार केले. ते टाइप करून जिमखान्यात लावले आणि जानेवारी 1892 मध्ये शाळेच्या 'द ट्रँगल' या पत्रात छापूनही आले. टाइप केलेली ती दोन पानं 2010 साली लिलावात 43 लाख डॉलरना विकली गेली आणि आता कॅन्सस विद्यापीठात आहेत.

आपल्या कामाचा आहे तो नववा नियम. त्याचा आशय असा: चेंडू हद्दीबाहेर गेला की जो त्याला प्रथम हात लावेल, त्याने तो आत टाकायचा. आत टाकायला पाच सेकंद. त्याहून जास्त वेळ धरून ठेवला तर चेंडू विरुद्ध बाजूला. वाद झाला तर अंपायरने तो सरळ मैदानात फेकायचा. आणि एखादा संघ मुद्दाम वेळ काढत राहिला तर फाउल.

आता हा नियम संशोधकाच्या नजरेने वाचा. पाच सेकंदांची मर्यादा पहिल्याच दिवसापासून आहे. वेळकाढूपणाची शिक्षा आहे. वाद झाला तर काय करायचं, तेही आहे. म्हणजे एकही अधिकृत सामना झालेला नसताना लिहिणाऱ्याला माहीत आहे की माणसं इथे वेळ काढणार आणि इथेच भांडणार. दुसऱ्या खेळांचा अनुभव गाठीशी असल्याशिवाय असं लिहिता येत नाही. नेस्मिथ मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात रग्बी खेळलेले होते.

'जो आधी पोहोचेल त्याचा चेंडू' ही कल्पनाही नवी नव्हती. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 1863 मध्ये जे पहिले नियम छापले, त्यांत बाजूच्या रेषेबाहेर गेलेल्या चेंडूला जो खेळाडू प्रथम हात लावेल त्याने तो आत फेकावा असंच म्हटलं आहे. फुटबॉलमध्ये आजही बाजूच्या रेषेला 'टचलाइन' म्हणतात. नियम गेला, शब्द राहिला.

इथे जरा थांबू. नेस्मिथनी हा नियम फुटबॉलवरून उचलला असं लगेच लिहून टाकायचा मोह होतो. दोन नियमांत साम्य आहे, हे दाखवता येतं. पण साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. त्या काळच्या चेंडूच्या खेळांत ही कल्पना प्रचलित होती आणि नेस्मिथ त्याच वातावरणात वाढले होते, इतकंच आपण खात्रीने म्हणू शकतो. प्रबंधात असं एक वाक्य पुराव्यापेक्षा पुढे गेलं की तोंडी परीक्षेत नेमकं तेच पकडलं जातं.

दोन पंच आणि एक विसंगती

त्याच कागदावर आणखी एक गंमत आहे. दहाव्या नियमात अंपायरचं काम सांगितलंय: त्याने माणसांवर लक्ष ठेवायचं, फाउल मोजायचे. अकराव्यात रेफरीचं: त्याने चेंडूवर लक्ष ठेवायचं, चेंडू हद्दीत आहे की नाही आणि तो कुठल्या बाजूचा, हे ठरवायचं. बरोबर? मग नवव्या नियमात बाहेर गेलेल्या चेंडूवरून वाद झाला तर तो रेफरीकडे जायला हवा. पण तिथे नाव आहे अंपायरचं.

अशी विसंगती दिसली की 'लिहिणाऱ्याची चूक' म्हणून पुढे जाणं सोपं असतं. दुसराही अर्थ लावून बघता येतो. चेंडू आत आहे की बाहेर, हा चेंडूचा प्रश्न. पण दोघं जण तो धरून 'माझा, माझा' करतायत, हा माणसांचा प्रश्न. म्हणून तो माणसांवर लक्ष ठेवणाऱ्याकडे गेला असावा. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण या अंदाजातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते: या नियमात पंचाने निवाडा करणं अपेक्षितच नाही. वाद झाला की त्याने चेंडू सरळ मैदानात फेकायचा आणि पुन्हा खेळू द्यायचं. कोण खरं, कोण खोटं, हे ठरवायची जबाबदारी त्याच्यावर नाही.

गॅलरीतली झोंबाझोंबी

कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं?

स्प्रिंगफील्डच्या जिमखान्यात वर चौफेर गॅलरी होती. तिच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या होत्या. कठडा जमिनीपासून साधारण 10 फूट, म्हणून बास्केट आजही 10 फुटांवर. अशा जागी चेंडू उडाला की थेट गॅलरीत जाणार. आणि नियम काय सांगतो? जो आधी हात लावेल त्याचा. म्हणजे खेळ थांबत नव्हता, शर्यत सुरू होत होती.

नेस्मिथनी पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे. चेंडू गॅलरीत गेला. एका संघाचे खेळाडू अरुंद जिन्यात अशी गर्दी करून राहिले की दुसऱ्यांना वर सरकताच येईना. तेव्हा त्या दुसऱ्या संघातले दोघं मागे फिरले. एकाने दुसऱ्याला वर उचललं, वरच्याने गॅलरीची खालची कड पकडली, अंग झोकून वर चढला आणि चेंडू मिळवला.

दहीहंडी बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण साधन म्हणून हिची किंमत किती? नेस्मिथ 1939 मध्ये वारले आणि ही आठवण ज्या पुस्तकात आहे ते 1941 मध्ये प्रसिद्ध झालं. घटना आणि लेखन यांत काही दशकांचं अंतर. शिवाय सांगणारा स्वतः खेळाचा जनक, त्यामुळे गोष्ट रंगवून सांगायचं कारणही त्याच्यापाशी आहे. म्हणून हा प्रसंग जसाच्या तसा घडला असं मी लिहिणार नाही. पण अशा झोंबाझोंबीची शक्यता नियमातच होती, आणि पुढे नियम नेमका याच जागी बदलला. एक आठवण आणि एक नियमबदल एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा त्या आठवणीला वजन येतं.

याला जोडून आणखी दोन बदल बघा. सुरुवातीच्या काही वर्षांतच बास्केटमागे फळा बसवला गेला. कारण? गॅलरीतले प्रेक्षक कठड्यावरून हात घालून चेंडू अडवायचे किंवा आत ढकलायचे. आणि 1920-21 च्या हंगामात हे फळे भिंतीपासून दोन फूट आत आणले गेले, कारण खेळाडू गादी लावलेल्या भिंतीवर पाय देऊन वर चढत आणि चेंडू टाकत.

यातून एक साधी युक्ती मिळते. नियमपुस्तकात एखादी विचित्र बंदी दिसली की स्वतःला विचारायचं: हे कोण करत होतं? भिंतीवर चढू नका असं कुणी उगाच लिहीत नाही, आणि उगाच कुणी फळाही दोन फूट पुढे आणत नाही. खेळाडू काय करत होते याची नोंद कुठे सापडली नाही तरी नियमातली दुरुस्ती सापडते. ती दुरुस्ती हीच नोंद.

पिंजरा: रेषाच काढून टाकू

नियम बदलण्याआधी काही लोकांनी वेगळाच उपाय शोधला. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये 1896 च्या सुमारास खेळायची जागा चारी बाजूंनी उंच जाळीने बंद करण्यात आली. चेंडू जाळीवर आपटून परत आत. बाहेर जायचा प्रश्नच नाही, म्हणून आधी कोण पोहोचलं याचाही वाद नाही. प्रेक्षक आणि खेळाडू एकमेकांपासून सुरक्षित. व्यावसायिक संघांना हे आवडलं आणि 1920 च्या दशकापर्यंत ठिकठिकाणी जाळ्यांचे, पुढे दोरखंडांचे पिंजरे होते. अमेरिकन वर्तमानपत्रं बास्केटबॉल खेळाडूंना 'केजर' म्हणत, ते यावरूनच. म्हणजे पिंजऱ्यातला.

पिंजऱ्याला तोटेही होते. खेळाडू जाळीवर फेकले जायचे, अंगावर ओरखडे उठायचे. पण विचार म्हणून तो आपल्याला उपयोगी आहे. प्रश्न एकच होता: चेंडू बाहेर गेला की शर्यत लागते आणि शर्यतीत मारामारी होते. पिंजरेवाले म्हणाले, 'बाहेर' हेच रद्द करू. शाळा-कॉलेजांत आणि वायएमसीएत रेषा राहिली, म्हणून त्यांना शब्द बदलावे लागले.

1913: शर्यतीतून चौकशीकडे

1913 मध्ये नियम फिरवला गेला. चेंडू बाहेर जाण्यापूर्वी ज्याने त्याला शेवटचा स्पर्श केला, त्याच्या विरुद्ध संघाला चेंडू मिळेल. आधी धावत जाण्याचा फायदाच संपला. गॅलरीत चढायचं कारण उरलं नाही.

हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. जुन्या नियमात उत्तर खेळाडूच्या हातात असायचं, अगदी शब्दशः. चेंडू ज्याच्या हातात, त्याचा. सगळ्यांना दिसतंय. नव्या नियमात उत्तर भूतकाळात आहे. क्षणापूर्वी, पाच-सहा हातांच्या गुंत्यात, शेवटची बोटं कुणाची होती? हे कुणीतरी बघितलेलं असावं लागतं. म्हणजे मारामारी कमी झाली, पण तिच्या जागी साक्षीदाराची गरज आली. जुना अंपायर वाद झाला की चेंडू फेकून मोकळा व्हायचा. नव्या रेफरीला मात्र घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विधान करावं लागतं, आणि तेही लगेच.

विधान करायचं म्हटलं की व्याख्या लागतात. 'बाहेर' म्हणजे नक्की कुठे? 'लागला' म्हणजे काय? आज आंतरराष्ट्रीय संघटना फिबाच्या नियमांत यासाठी स्वतंत्र कलम आहे. त्यातल्या मोजक्या गोष्टी बघा.

रेषा मैदानाचा भाग नाही. रेषेला पाय लागला की खेळाडू बाहेर. फुटबॉलमध्ये याच्या उलट, तिथे रेषा मैदानात मोजतात. आणि आपल्या कबड्डीत तर झटापट सुरू झाली की बाजूची लॉबीही मैदानात येते. म्हणजे हद्द जमिनीवर आखलेली असली तरी तिचा अर्थ नियमच ठरवतो.

हवेत असलेला खेळाडू शेवटचा जिथे टेकला होता तिथलाच धरतात. आतून उडी मारून, रेषेपलीकडे हवेत असताना चेंडू आत भिरकावला तर चालतं, पाय बाहेर टेकण्याआधी चेंडू हातातून सुटला म्हणजे झालं. याउलट चेंडू मैदानाच्या आत आहे, पण एक पाय रेषेवर असलेल्या खेळाडूने त्याला हात लावला, तर चेंडू बाहेर गेला असं समजतात, आणि तो त्याच्यामुळेच गेला असंही. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. 'बाहेर' ही चेंडूची जागा राहिलेलीच नाही. चेंडू कुणाला किंवा कशाला लागलाय आणि ते कुठे टेकलंय, यावर ती ठरते.

आणि स्पर्श दोन्ही बाजूंनी मोजतात. खेळाडूने चेंडूला हात लावला काय आणि चेंडू त्याला येऊन लागला काय, सारखंच. म्हणूनच कोपऱ्यात अडकलेला हुशार खेळाडू चेंडू मुद्दाम समोरच्याच्या पायावर आपटून बाहेर घालवतो आणि थ्रो-इन मिळवतो. समोरच्याचा काही दोष नाही, पण शेवटचा स्पर्श त्याचा. म्हणजे नियमाची भाषा 'कारण कोण' अशी असली तरी तो दोष शोधत नाही, फक्त स्पर्श शोधतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'दिसलं नाही' म्हणण्याची सोय

साक्षीदार म्हटला की त्याला न दिसण्याची शक्यता आलीच. दोघांचे हात एकदमच लागले, रेफरींना शंका आहे किंवा त्यांचं एकमत होत नाही, अशा वेळी फिबाचा नियम जंप बॉलची स्थिती जाहीर करतो. पूर्वी यात दोघांमध्ये चेंडू खरोखर उडवला जायचा. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलने 1981 मध्ये आणि फिबाने 2003 मध्ये पाळीपाळीने ताबा देण्याची पद्धत आणली. टेबलावर एक बाण असतो, तो ज्या बाजूला, त्यांना चेंडू. मग बाण फिरवायचा.

हा बाण नवव्या नियमातल्या अंपायरचा दूरचा वंशज वाटतो. निवाडा करता येत नाही हे मान्य करून खेळ पुढे न्यायची ही सोय. मला हा भाग आवडतो, कारण न्यायाची बहुतेक पुस्तकं 'खरं काय ते शोधा' म्हणतात. इथे 'आम्हाला दिसलं नाही' हे उत्तर नियमानेच वैध ठरवलंय.

कॅमेऱ्याला दिसलेली करंगळी

मग कॅमेरा आला आणि 'दिसलं नाही' म्हणणं अवघड झालं. 8 एप्रिल 2019, मिनियापोलिस. अमेरिकन कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना, व्हर्जिनिया विरुद्ध टेक्सास टेक. बरोबरीमुळे सामना जादा वेळेत गेलेला. जेमतेम एक मिनिट उरलंय, व्हर्जिनिया दोन गुणांनी पुढे. व्हर्जिनियाच्या डीआंद्रे हंटरने टेक्सास टेकच्या डाविडे मोरेत्तीकडचा चेंडू उडवला आणि तो बाहेर गेला. रेफरींनी चेंडू टेक्सास टेकला दिला. रिप्ले बघितला. संथ गतीत दिसलं की बाहेर जाता जाता चेंडू मोरेत्तीच्या करंगळीला निसटता लागला होता. निर्णय उलटला, चेंडू व्हर्जिनियाला. त्यांनी सामना 85-77 असा जिंकला.

नियमाप्रमाणे निर्णय बरोबरच होता. मग त्यावर इतका वाद का झाला? कारण मैदानावर पिढ्यानपिढ्या एक अलिखित समजूत चालत आली होती. ज्याने हात मारून चेंडू उडवला, त्याच्यामुळे तो बाहेर गेला. ज्याच्या हातातून उडाला, त्याच्या बोटांना निसटताना काही लागलं असेल तर ते कुणाला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं म्हणून प्रश्नही नव्हता. लिखित नियम स्पर्श मोजत होता, तर ही समजूत दोष मोजत होती. डोळ्याची क्षमता मर्यादित होती तोवर दोन्ही एकाच खोलीत गुण्यागोविंदाने नांदले. कॅमेऱ्याने त्यांना वेगळं केलं.

पुढे एनबीएने याच जागी आणखी एक दुरुस्ती केली. 2024-25 च्या हंगामापासून प्रशिक्षकाने असा निर्णय आव्हान दिला आणि फेरतपासणीत त्या क्षणाला लागून घडलेला, शिट्टी न वाजलेला फाउल दिसला, तर तोही देता येतो. आधी सांगितलेली युक्ती इथे लावा: हे कोण करत होतं? चेंडू सुटला तो समोरच्याने हातावर फटका मारल्यामुळे, पण रिप्लेत मोजायची परवानगी फक्त शेवटच्या बोटाला. म्हणजे ज्याला मार बसला त्याच्याकडूनच चेंडू जायचा. दोष बघण्याची जुनी समजूत मागच्या दाराने नियमात परत आली, असं मी ही दुरुस्ती वाचते.

मग संशोधनात याचं काय करायचं?

मी खेळांच्या नियमांवर काम करते, पण ही पद्धत ग्रामपंचायतीच्या ठरावांना, वसतिगृहाच्या नियमावलीला, गिरणीतल्या शिस्तीच्या आदेशांनाही लागू पडते. तीन प्रश्न जवळ ठेवा.

पहिला, हा नियम कुठला प्रश्न विचारतो? बास्केटबॉलमध्ये 'आधी कोण' चं 'शेवटी कोण' झालं. उत्तरं बदललेली चटकन दिसतात. प्रश्न बदललेला बघायला एकाच नियमाच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

दुसरा, तो पाळला गेला हे कोण आणि कशाने ठरवणार? हात, डोळा, बाण, कॅमेरा. शब्द तेच राहूनही साधन बदललं की नियमाचा अर्थ बदलतो. 2019 मध्ये नियमातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

तिसरा, लिहिलेलं आणि चाललेलं यांत फट कुठे होती, आणि ती कुणाला सोयीची होती? या प्रश्नाचं उत्तर नियमपुस्तकात मिळणार नाही. त्यासाठी आठवणी, वर्तमानपत्रांतली वर्णनं, जुने पंच, जुने खेळाडू यांच्याकडे जावं लागतं. ही माणसं आपल्याकडेही आहेत. शाळा-कॉलेजांच्या मातीच्या कोर्टवर, चुन्याने आखलेली रेषा निम्म्या सामन्यातच पुसलेली असताना, ज्यांनी 'बाहेर' ठरवलं, त्यांनी ते कशावरून ठरवलं? नियमपुस्तक त्यांच्याही हातात हेच होतं. त्यांना अजून विचारता येतं. ते काम कुणी हाती घेतलं तर मला वाचायला नक्की आवडेल.